बेलोऱ्याचं विमान 'पंख्याचं भंगार' आहे का? (आणि पावसाचा वाद)

आभाळवेडा, धामणगाव रेल्वे

परवा सोयाबीनवाला यांनी जे लिहिलं ते इथं बऱ्याच जणांनी उचलून धरलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईला जाणारं विमान म्हणजे पंख्याचं भंगार. तिथं रडार नाही. अहमदाबादला एवढं मोठं ड्रीमलायनर पडलं तर हे काय टिकणार, त्यापेक्षा समृद्धीनं गाडी काढावी. आणि जाता जाता, ही विमानं आपला पाऊसही पळवतात. पावसाचं मी सोडून देणार होतो, पण बाकीचं वाचून राहवलं नाही.

आधी पंख्याचं. बेलोऱ्याला येणारं एटीआर-७२ हे टर्बोप्रॉप आहे. पंखा बाहेर दिसतो, पण तो फिरवणारं आतलं इंजिन टर्बाइनच असतं, जेटच्याच कुळातलं. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटरची. एटीआर तिथून आरामात उडतं नि उतरतं, कारण ते मुळात अशा धावपट्ट्यांसाठीच बनवलं आहे. पंखा दिसला म्हणून विमान जुनं ठरत नाही. तुम्ही ज्याला भंगार म्हणता ते ७२-६०० हे त्या कंपनीचं आजचं चालू मॉडेल आहे.

रडारचं. प्रत्येक गावाला रडार नसतं आणि लागतही नाही. नागपूरला आहे. शिवाय विमान स्वतःच आपली जागा, उंची, वेग सतत सांगत असतं, त्याला एडीएस-बी म्हणतात. माझ्या घराच्या स्लॅबवर एक साधा अँटेना आणि छोटा रिसीव्हर आहे. ३५ हजार फुटांवरचं विमान मला थेट तेलंगणाच्या हद्दीपलीकडून दिसायला लागतं. दिल्लीहून हैदराबाद-चेन्नईकडे आणि मुंबईहून कोलकात्याकडे जाणारी वाहतूक आपल्याच डोक्यावर एकमेकींना छेदते. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानं सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरलाच येऊन थैल्यांची अदलाबदल करायची, तेही याच जागेमुळे.

आता एवढी विमानं एकमेकांवर का आदळत नाहीत? एकदा आदळली होती. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणात चरखी दादरी. सौदीचं जम्बो चढत होतं, कझाकिस्तानचं इल्यूशिन उतरत होतं, दोघं एकाच मार्गावर समोरासमोर. एकाला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, दुसऱ्याला १५ हजारावर. दुसरं खाली आलं. ३४९ माणसं गेली. तेव्हाच्या दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसतच नव्हती. त्यानंतर आपल्याकडे उंची दाखवणारं रडार आलं, चढणाऱ्या-उतरणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले आणि टीकॅस सक्तीचं झालं. टीकॅस म्हणजे दोन विमानांमधली यंत्रं आपसात बोलून ठरवतात की तू वर जा, मी खाली जातो, आणि दोन्ही वैमानिकांना तसा आवाज येतो.

२००२ मध्ये जर्मनीत युबरलिंगेनला यातली उरलेली फट दिसली. यंत्र म्हणालं वर जा, जमिनीवरचा कंट्रोलर म्हणाला खाली जा. रशियन वैमानिकांनी कंट्रोलरचं ऐकलं. समोरच्याला त्याच्या यंत्रानं खालीच जायला सांगितलं होतं. ७१ जण गेले. तेव्हापासून जगभर पक्कं झालं की यंत्र आणि कंट्रोलर यांच्यात मतभेद झाला तर यंत्राचं ऐकायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे. विमान सुरक्षित असतं ते पडत नाही म्हणून नाही. ते पडलं की का पडलं हे शोधून कागदावर येतं आणि नियम बदलतो, म्हणून. समृद्धीवर १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस जळून २५ माणसं गेली. तिचा असा, प्रत्येक सेकंदाचा हिशेब असलेला अहवाल तुमच्यापैकी कोणी वाचलाय का? म्हणून बेलोरा, गोंदियाचं बिरसी, अकोल्याचं शिवणी ही विमानतळं हवीत, आणि पूर्ण साधनांसह हवीत.

सोयाबीनवाला

लय मोठं लिवलं जी. पन मुद्द्याचं बोला. तुमी ज्या विमानाले चांगलं म्हणून राह्यले, तेच जानेवारी २०२३ मंधी नेपायात पोखऱ्याले पडलं. ७२ मेले. ऑगस्ट २०२४ मंधी ब्राझीलमंधी तेच विमान गरगर फिरत घरायच्या वस्तीत पडलं, ६२ मेले. व्हिडिओ साऱ्या जगानं पाह्यला. अन् तुमी मले सांगता भंगार नाई म्हणून.

अन् पावसाचं सोडून काऊन देता? थेच त मुद्दा आहे. आमच्या वावरावरून रोज पांढऱ्या रेघा जाते. आभाय भरून येते, विमान गेलं का पांगते. हे मी एकटा नाई म्हणत, साऱ्या शिवाराले विचारा.

आभाळवेडा

दोन्ही अपघात खरे, फक्त ती विमानं एटीआर-७२ च असली तरी आधीचं ७२-५०० मॉडेल होती. पोखऱ्याला विमान बिघडलं नव्हतं. उतरताना फ्लॅप्सच्या दांड्याऐवजी पंख्याच्या पात्यांचे दांडे मागे ओढले गेले. पाती वाऱ्याच्या दिशेला समांतर झाली आणि जोर संपला. ब्राझीलचं बर्फाचं प्रकरण आहे, ते मी हलक्यात घेत नाही. एटीआरला बर्फाचा इतिहास आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत रोझलॉनला ६८ जण याच कारणानं गेले, त्यानंतर पंखांच्या कडेवरच्या फुगणाऱ्या रबरी पट्ट्या रुंद केल्या गेल्या. तरी ब्राझील झालंच, हे मान्य.

पावसाबद्दल इथं बोललो तर धागा भरकटेल.

निवृत्त वाहक, यवतमाळ

भरकटलाच आहे. मी एसटीत आयुष्य काढलं, म्हणून विचारतो. विमानतळाला कोट्यवधी रुपये आहेत, आणि आमच्या तालुक्यातल्या मुक्कामी गाड्या एकामागून एक बंद झाल्या त्याचं काय? शाळेतल्या पोरी फाट्यावर उभ्या राहतात. त्यांना टीकॅस नको, सकाळी सहाची गाडी पाहिजे. यवतमाळची धावपट्टी खासगी हातात दिली, वर्षानुवर्षं तिथून एक प्रवासी गेला नाही. बाभळी वाढल्या. तुम्ही जे लिहिता ते सगळं बरोबर असेल, पण ते आमच्यासाठी नाही.

अकोलेकर

यवतमाळचं राहू द्या, शिवणीचं बोला. १४०० मीटरची धावपट्टी, वाढवायची तर शेजारी कृषी विद्यापीठाची जमीन. इतकी वर्षं तेच गुऱ्हाळ. दुसऱ्या महायुद्धात बांधलेली पट्टी आहे ती, आणि आम्ही अजून बेलोऱ्याला उतरून मागे येतो. अमरावतीला मिळालं, आम्हाला का नाही? यावर कोणी लिहित नाही.

सोयाबीनवाला

आभाळवेडा भाऊ, पावसावर उत्तर नाई म्हणून पयता का? एक साधा प्रश्न. २०१५ मंधी अन् २०१९ मंधी सरकारनं औरंगाबादेत रडार ठेवून विमानानं पानी पाडाचा प्रयोग केला का नाई? केला. म्हंजे विमानानं ढगात काई टाकलं त फरक पडते, हे सरकारनंच कबूल केलं. मंग पाडता येते त पयवता काऊन येत नाई?

आभाळवेडा

ठीक आहे, आता लिहितोच.

पाऊस पाडायला गेलेलं विमान छोटं असतं. ते ढगाच्या पोटाखालून किंवा त्याच्या डोक्याजवळून मुद्दाम जातं आणि मिठाच्या किंवा सिल्व्हर आयोडाइडच्या नळकांड्या पेटवतं. तेही ढग आधीच पाण्यानं भरलेला असेल तरच. कोरड्या आभाळातून ते पाणी काढू शकत नाही, म्हणूनच त्या प्रयोगांचा उजेड फारसा पडला नाही. तुमच्या वावरावरून जाणारं दिल्ली-हैदराबाद विमान ३३ ते ३९ हजार फुटांवर असतं. त्याच्या मागची पांढरी रेघ म्हणजे रॉकेलसारखं इंधन जळून तयार झालेली वाफ. वर उणे ४० अंशांच्या खाली थंडी असते, ती वाफ क्षणात बर्फाचे कण होते. त्यात कोणी काही टाकत नाही.

आणि ती रेघ बराच वेळ टिकून पसरायला लागली, तर वरच्या हवेत ओलावा आहे असा अर्थ. लगेच विरली तर वर कोरडं. म्हणजे रेघ ओलावा दाखवते, पळवत नाही.

आता 'विमान गेलं की आभाळ पांगतं' हे. माझ्या स्क्रीनवर जून-जुलैच्या संध्याकाळी मी रोज काय पाहतो ते सांगतो. एरवी ताणलेल्या दोरीसारखे सरळ जाणारे मार्ग उमरखेड-नांदेडच्या बाजूला वाकायला लागतात. एक विमान डावीकडे वळतं, मागचं त्याच्याच मागे, मग तिसरं. तिथं गडगडाटी ढग उभा असतो. असा ढग ४५-५० हजार फुटांपर्यंत चढतो, त्यात शिरलं तर विमानाची हाडं खिळखिळी होतील. अशा प्रत्येक प्रवासी विमानाच्या नाकात हवामानाचं रडार असतं. वैमानिक ढग लाल दिसला की वीस-तीस मैल वळसा मागतो. म्हणजे विमान जातं ते ढग नसलेल्या जागेतून. तुमच्या डोक्यावर विमान आलं, याचाच अर्थ त्या वेळी तुमच्या डोक्यावर गडगडाटी ढग नव्हता. आणि ज्या दिवशी झडी लागते, त्या दिवशीही तेवढीच विमानं वरून जातात. आभाळ झाकलेलं असतं म्हणून ती तुम्हाला दिसत नाहीत.

सोयाबीनवाला

तुमच्या स्क्रीनवर दिसते, आमच्या डोयाले दिसत नाई काय? मागच्या खरिपात दुबार पेरणी केली मी. दोनदा बियाणं, दोनदा खत. रोज दुपारी काळंभोर यायचं, अन् रोज चार वाजता मोकळं. एसी खोलीतून वाकलेल्या रेघा पाहाले सोपं असते. कास्तकाराले येडं ठरवून टाकलं का तुमचं विमानाचं प्रेम सुखरूप. बरोबर?

गोंद्याची सून

भाऊ, येडं कोणी ठरवलं नाही. पण मलाही राग येतो, उलट्या बाजूनं. बिरसीजवळ आमचं धान आहे. शिकाऊ विमानं दिवसभर वर घिरट्या घालतात, मुलं शाळेत जाताना हात हलवतात. त्याच बिरसीहून उडालेलं शिकाऊ विमान १८ मार्च २०२३ ला बालाघाटच्या डोंगरात पडलं. शिकवणारा आणि शिकणारी दोघंही गेले. आमच्या गावात त्या दिवशी चूल पेटली नाही अशी घरं होती, कारण तिथली पोरं-पोरी आमच्याकडे खोल्या करून राहतात, दळण आणायला आमच्याच चक्कीवर येतात. तुम्ही पाऊस-पाऊस करता. मला विचारायचं आहे की डोंगरात इतक्या खाली शिकाऊ विमान गेलं तर त्याला सावध करणारं काय असतं? आभाळवेडा, तुमच्या एवढ्या यादीत ते नाही.

आभाळवेडा

ताई, प्रश्न अगदी योग्य. मोठ्या विमानात डोंगर जवळ आला की ओरडून 'वर घ्या' सांगणारं यंत्र असतं, नकाशासकट. दोन जणांच्या शिकाऊ विमानाला ते सक्तीचं नाही. तिथं सारा भरवसा नियमावर आणि शिकवणाऱ्यावर. बेलोऱ्याला आता वैमानिक प्रशिक्षणाची मोठी शाळा येते आहे, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

सोयाबीनवाला, मी एसी खोलीत नसतो. माझीही पऱ्हाटी आहे, मीही बियाणं उधार घेतो. दुबार पेरणी मला कळते. चार वाजता मोकळं होतं त्याचं कारण वारं आणि वरची कोरडी हवा. पावसाच्या खंडात असंच होतं, विमानं नव्हती तेव्हाही व्हायचं. तुमच्या आजोबांच्या काळातले दुष्काळ कोणत्या विमानानं आणले?

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे ती लिहितो, कारण ती लपवणं बरं नाही. ढगात गरजेपेक्षा जास्त कण टाकले तर थेंब बारीक राहतात आणि पाऊस कमी होऊ शकतो, हे शास्त्रात मांडलेलं आहे. पण त्यासाठी ढगात शिरून ते टाकावं लागतं. ३५ हजार फुटांवरून मुंबई-कोलकाता जाणारा कोणी ते करत नाही.

सोयाबीनवाला

आलं ना तोंडातून! 'होऊ शकतो.' एवढंच पाह्यजे होतं.

वैमानिकाचा बाप, वर्धा

तुम्ही दोघं ढगात भांडत बसा. माझा मुलगा विमान चालवतो. कुठल्या कंपनीत ते लिहीत नाही. इथं सगळे यंत्रावर बोलतात, माणसावर कोणी नाही. रात्री दोनला उठून ड्युटीला जाणारा माणूस चौथ्या उड्डाणाला कसा असतो हे मी घरी पाहिलंय. जेवणाचं ताट समोर ठेवून झोपलेला. रात्रीच्या ड्युटीतली लँडिंगं सहावरून दोनवर आणायची, साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास करायची, असे नियम आले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि लगेच त्या कंपनीला रात्रीच्या नियमातून तात्पुरती सूट मिळाली. आभाळवेडा म्हणतात अपघातानंतर नियम बदलतो. नियम बदलला होता. गर्दी झाली तशी सूट दिली. याला काय म्हणायचं?

आणि कोझिकोड. ऑगस्ट २०२०. उतरताना विमान धावपट्टीच्या बाहेर जाऊन पडलं. त्या विमानाचे कॅप्टन साठे, हवाई दलातून आलेले, आईवडील आपल्या नागपूरचे. अहवालात काय आलं? वैमानिकानं ठरलेली पद्धत पाळली नाही. गेलेला माणूस बोलायला येत नाही.

आभाळवेडा

काका, नियमातून सूट देण्याच्या बाबतीत मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. ती सूट चूक होती. आणि हेच माझं म्हणणं आहे. कागदावरचा नियम पाळला नाही तर यंत्रं कामाची नाहीत.

कोझिकोडवर मात्र अहवाल वाचून बोलूया. पावसात, पाठीमागून वारा असताना विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर सुमारे ४,४५० फूट आत टेकलं, असं त्यात आहे. पण कॅप्टनच्या बाजूचा काच पुसणारा वायपर नीट चालत नव्हता, हेही त्याच अहवालात आहे. २१ जण गेले, त्यात दोन्ही वैमानिक. म्हणजे माणसावर सगळं ढकलून फाईल बंद केली, असं झालेलं नाही. अहमदाबादच्या प्राथमिक अहवालातही दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतरानं बंदवर गेले, एकानं दुसऱ्याला 'का बंद केलंस' विचारलं, दुसऱ्यानं 'मी नाही केलं' म्हटलं, एवढं लिहिलं आहे. कोणाचं नाव घेऊन ठपका ठेवलेला नाही. टीव्हीवाल्यांनी ठेवला.

वैमानिकाचा बाप, वर्धा

वायपरचं मला माहीत नव्हतं. पण अहवालातला शेवटचा निष्कर्ष लोक वाचतात, मधली पानं नाही. त्यावर मी हटणार नाही.

निवृत्त वाहक, यवतमाळ

मधल्या पानांवरून आठवलं म्हणून लिहितो. माझा चुलतभाऊ समृद्धीवर गेला. रात्री टायर फुटला एवढंच आम्हाला सांगितलं. पंचनामा एका पानाचा. टायर का फुटला, किती जुना होता, गाडी किती वेगात होती, कुठंच काही नाही. विम्याच्या फायलीत तेच पान, पोलिसांकडे तेच पान. मी एसटीचा माणूस, विमानाशी माझं काही देणंघेणं नाही. पण विमानाच्या वायपरचाही कागद असतो हे वाचून मला वाईट वाटलं. आमच्या माणसाच्या टायरचा कागद नव्हता.

तरी मुक्कामी गाडीचं माझं म्हणणं कायम आहे.

अकोलेकर

आणि शिवणीचं माझं. आभाळवेडा, एक तांत्रिक विचारतो. छोट्या विमानतळावर धुकं-पावसात विमान उतरवायची महागडी यंत्रणा कोण बसवणार? म्हणूनच तर विमानं माघारी जातात.

आभाळवेडा

याचं उत्तर आपल्याच देशात आहे. 'गगन'. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून केलेली यंत्रणा. जीपीएसच्या चुका जमिनीवरची केंद्रं मोजतात आणि दुरुस्ती उपग्रहावरून विमानाला जाते. धावपट्टीजवळ महागडे खांब-अँटेना न लावता विमानाला उतरायची वाट आणि उतार दोन्ही मिळतात. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानात किशनगडला एटीआरनंच हे करून दाखवलं. बेलोऱ्यासारखंच छोटं गाव, हेच विमान.

सोयाबीनवाला

अन् दिल्लीत नोव्हेंबर २०२५ मंधी कोनी तरी खोटं जीपीएस सोडलं, विमानं भलतीकडं दिसाले लागली, थे?

आभाळवेडा

खरं आहे, झालं होतं. म्हणूनच जमिनीवरची जुनी रेडिओ यंत्रणा काढून टाकायची नाही, जोडीला ठेवायची. हा मुद्दा तुम्ही मांडलात ते बरं झालं, मी तो पत्रात घालतो.

पत्र कसलं ते सांगतो. बेलोऱ्यासाठी मी मागणीचं पत्र लिहितोय. एक, रात्री उतरायची सोय. दोन, गगनवरून उतरायचा मार्ग, आणि जोडीला रेडिओ यंत्रणा. तीन, प्रशिक्षण विमानं कुठून, किती उंचीवरून जाणार याचा नकाशा आजूबाजूच्या गावांना आधी मिळावा. गोंद्याच्या ताईंनी विचारलं त्यावरून हा तिसरा. ज्यांना सही करायची त्यांनी इथं सांगा.

गोंद्याची सून

माझी सही धरा. बिरसीचंही नाव घाला.

सोयाबीनवाला

त्यात ड्रोनचं लिवा. माझं वावर विमानतळाच्या कुंपणापासून चार किलोमीटर. बचत गटाच्या बाईनं ड्रोन घेतलं, फवाराले बोलावलं त म्हणते, नकाशावर इथं हिरवं नाई, परवानगी लागते. ड्रोन पऱ्हाटीच्या वर दहा फूट उडते. तेवढ्या खाली कोनतं विमान येते? पाठीवर पंप घेऊन फवारा माराचा, अन् विषबाधा झाली का दवाखाना. आठ किलोमीटरच्या आतल्या साऱ्या कास्तकाराईचा हा प्रश्न आहे.

आभाळवेडा

हा मुद्दा पूर्णपणे रास्त आहे. दहा-पंधरा फुटांच्या फवारणीसाठी वेगळी, झटपट परवानगी हवी. चौथा मुद्दा म्हणून घालतो.

अकोलेकर

पाचवा शिवणी.

आभाळवेडा

शिवणीचं वेगळं पत्र करा, मी मजकूर लिहून देतो. एकात सगळं कोंबलं तर कोणी वाचणार नाही.

सोयाबीनवाला

ड्रोनचं लिवलं त सही करतो. पन विमानानं पाऊस पयत नाई हे मी मान्य केलं, असं त्यात कुठी लिवू नका.